रोझीबाईंच्या वाचनालयात चार दिवस

धामापूरजवळचं एक गाव माझ्या सहकाऱ्याचं. तिथल्या वाचनालयाला देणगीत संगणक मिळाला होता, चालवणारं कुणी नव्हतं. मी पुण्यात कॉलेजची ग्रंथपाल. दिवाळीची सुट्टी होती, निघाले.

पुण्याची एसटी पहाटे कसालला सोडते. पुढे रिक्षा, भाडं आधी ठरवा. वाटेत धामापूरचा तलाव आणि भगवतीचं देऊळ आहे, त्यासाठी अर्धा तास ठेवा.

वाचनालय सांभाळणाऱ्या रोझीबाई निवृत्त शिक्षिका. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सावंतवाडीला ठरलेलं ऑपरेशन त्यांनी तीनदा पुढे ढकललं होतं, कारण त्यांच्याशिवाय तिथे कुणालाच पुस्तक सापडत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी ग्रंथालयासाठीची मुक्त प्रणाली बसवली. ती फुकट मिळते आणि आपल्या सोयीने बदलता येते. दुसऱ्या दिवशी उत्साहाच्या भरात सगळी पुस्तकं विषयवार लावली. गावात लॉज नाही, त्यामुळे मुक्काम रोझीबाईंकडे. बांगड्याचं तिखलं आणि भात दोन्ही वेळा, तक्रार नाही.

तिसऱ्या दिवशी काजूची बाग असलेले गंगारामकाका आले.

"माका मागे दिलात तसलाच दुसरा पुस्तक होया."

संगणकात 'तसलाच' कसं शोधावं, याचा मी विचार करत होते. तोवर रोझीबाई खिडकीकडच्या कपाटाशी गेल्या आणि सवयीने हात घातला. काकांनी मागे नेलेल्या शिकारीच्या गोष्टींसारखं काही येण्याऐवजी हाती शेतकीचा अहवाल आला. तो चाचपत त्या तशाच उभ्या राहिल्या.

"हयसर होता," त्या म्हणाल्या. मग हळूच, "माका दिसना नाय गो. हात जाता थंय पुस्तक गावता."

त्यांना जेवढं दिसत होतं, तेवढंही मी एका दिवसात नीटनेटकेपणाने काढून घेतलं होतं. काका अहवाल घेऊन गेले. रिकाम्या हाताने जाणं त्यांना बरं वाटेना.

चौथ्या दिवशी सगळं परत लावलं. रोझीबाई सांगत होत्या, काका उचलत होते, मी टाइप करत होते. प्रणालीत एक नवा रकाना केला, 'बाईंची जागा'. त्यात 'खिडकीकडचं कपाट, दुसरा खण' अशा नोंदी आहेत. 'आजारपणात वाचायची' अशीही एक आहे. विकतची प्रणाली असती तर यासाठी कंपनीकडे अर्ज करावा लागला असता. निघण्याआधी काकांना संगणकात पुस्तकाची जागा शोधायला शिकवलं.

पुण्यात आल्यापासून कपाट हलवण्याआधी मी शिपायाला विचारते. त्याला नवल वाटतं.

महिन्याभराने रोझीबाईंचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं. आठवडाभर काकांनी गावाला पुस्तकं दिली, कुणाचंही अडलं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज जरा पडला होता. मग म्हणाल्या,

"गंगारामान स्वताक मात्र एकय नेल्यान नाय. म्हणता, बाईंका येवंदे."