आत्याचं नवं कडवं

मांडवात हळद वाटून तयार होती, बायका खोळंबल्या होत्या आणि माझी आत्या गप्प बसली होती. आमच्या गावात हळदीची गाणी तीच रचते. नवरीच्या बापाने त्यातलं एक स्वतःच्या नावावर रेकॉर्ड करून विकलं होतं.

“अक्का, गा की,” नवरीची आई काकुळतीला आली.

“कुणाचं गाऊ? तुझ्या नवऱ्याचं?”

मांडव हसला. बाप खाली बघत राहिला. मला मनापासून बरं वाटलं. ज्याला कोर्टकचेरी परवडत नाही, त्याच्याकडे शब्द तरी असतात, आणि शब्दांना धार लावता येते.

मग आत्या गायली. पोरीला आशीर्वाद देऊन झाल्यावर तिने नवं कडवं जोडलं. त्यात त्याचं नाव होतं आणि त्याची चोरीही. आता गावात प्रत्येक हळदीला ते म्हणतात, आणि त्याला बसून ऐकावं लागतं.