जोडदगड

माझे आबा गवंडी होते. निलंग्याच्या आसपासच्या गावांत त्यांच्या हातच्या काळ्या दगडाच्या भिंती उभ्या होत्या. आमच्याकडे घराची पत भिंतीच्या जाडीवर ठरायची. सोयरीक जुळवायला आलेली माणसं आधी दारात उभी राहून भिंत किती हात आहे ते डोळ्यांनी मापायची आणि मगच चहाला बसायची. आबांची भिंत अडीच हातांची असायची. "तोफ लागली तरी हलायची न्हाई," असं ते म्हणायचे आणि लहानपणी मला ते खरंच वाटायचं.

भूकंपाने एका पहाटे ते सगळं खोटं ठरवलं. आबांनी बांधलेली किती घरं पडली, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. ते गावोगाव ढिगारे उपसायला जात, संध्याकाळी परत येत आणि अंगणातल्या पत्र्याखाली घराकडे पाठ करून बसत.

मी तेव्हा नुकताच सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडलो होतो आणि मला शिंगं फुटली होती. नवी घरं बांधण्याआधी गवंड्यांना प्रशिक्षण द्यायचं ठरलं आणि फळ्यावर चित्रं काढायला माझ्यासारखे काही जण नेमले गेले. पत्र्याच्या शेडमध्ये तीस-चाळीस गवंडी मांडी घालून बसले होते. सगळ्यात मागे, टोपी मांडीवर ठेवून, आबा होते. मुलगा शिकवणार म्हणून ते सकाळी दाढी करून आले होते.

मी भिंतीचा छेद काढला. बाहेरून दगडांची एक रांग, आतून एक, आणि मधल्या पोकळीत माती नि गोट्यांची भर. या दोन रांगांना एकमेकींचा आधारच नसतो, जमीन हलली की त्या दोन्हीकडे फुटतात, असं मी सांगितलं. मग दर दोन हातांवर एक लांब दगड आडवा, आरपार घातलेला दाखवला. त्याला जोडदगड म्हणतात. तो दोन्ही रांगांना धरून ठेवतो. इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण जीभ सैल सुटली. म्हणालो, "भूकंपानं माणसं मारली नाहीत. तुमच्या असल्या भिंतींनी मारली."

आबा उठले, टोपी घातली, चपला शोधल्या आणि बाहेर गेले. मी घरी पोचलो तेव्हा त्यांची थापी, ओळंबा आणि सुतळी पोत्यात बांधून खाटेखाली सारलेली होती. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी कामाला हात लावला नाही. मी बोललो त्यात चुकीचं काहीच नव्हतं, म्हणून मी माफीही मागितली नाही. बरोबर असण्याचा हा एक मोठा तोटा आहे.

पुढे नांदेडला तंत्रनिकेतनात नोकरी लागली. तिथे घर बांधलं. आई आधीच गेली होती आणि मी लग्न केलं नव्हतं, तेव्हा आबांना घेऊन आलो. त्या वस्तीत त्यांच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो. "भाजी बरी झालीय का?" "हाव." एवढ्यावर आमचे कित्येक दिवस निघून गेले.

एका उन्हाळ्यात पेपर तपासायला मी महिनाभर बाहेरगावी होतो. परत आलो तर घरासमोर, रस्त्याच्या कडेला, छातीइतक्या उंचीची दगडी भिंत उभी होती. आबांनी ट्रॅक्टरभर काळा दगड मागवून एकट्याने बांधली होती. मला बरं वाटलं, म्हातारा रमला म्हणून. पण जवळ जाऊन पाहिलं तर जागोजागी दगडांची टोकं बोटभर बाहेर आलेली. ज्यांच्या भिंतीवरून हात फिरवला तर नखही अडायचं नाही, त्यांचं हे काम! मला वाटलं, आबांचा हात गेला.

"आबा, हे दगड बाहेर आलेत. तासून घ्यायचे होते ना."

"ऱ्हाऊ दे. मुद्दाम ठिवले. दिसू दे."

"लोक हसतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतंय ते बघ," एवढंच म्हणाले. पुढच्या आठवड्यात मी माणूस लावून दोन्ही बाजूंनी जाड प्लास्टर करून घेतलं आणि वर पिवळा रंग दिला. आबा पायरीवर बसून बघत होते.

त्याच सुमारास लातूरला क्लासेसचं पेव फुटलं. गल्लीगल्लीत मेस, खोल्या, निकालाचे फलक. पोरांसाठी आया गाव सोडून एका खोलीत संसार मांडायच्या. तिथल्या एका क्लासमध्ये मला दरवर्षी बोलवायचे. विषय ठरलेला: इंजिनिअरिंगमधल्या वाटा आणि बदलत्या काळाशी जुळवून घेणं. जुळवून कसं घ्यायचं हे मी छान सांगायचो. टाळ्या पडायच्या.

एका वर्षी एक मुलगी उभी राहिली. इस्लापूरकडची होती. नाव विचारलं तर आधी रोल नंबर सांगितला. मग म्हणाली, "सर, आमचं उत्तर चुकलं की मार्क कापतात. इंजिनिअरचं चुकलं तर काय कापतात?" सगळा हॉल हसला. मीही काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली. परतीच्या एसटीत मात्र तिचा प्रश्न आणि शेडमधलं माझं ते वाक्य एकत्र आठवत राहिलं, आणि ठरवलं की आज आबांशी बोलायचं. घरी आलो तर त्यांना ताप भरला होता. मी गोळी दिली, पाणी दिलं आणि बोलणं उद्यावर ढकललं. तो ताप उतरलाच नाही. आठ दिवसांत आबा गेले.

वर्षभरात रस्ता रुंद करायला माणसं आली. आजूबाजूची कुंपणं जेसीबीच्या एकेका धक्क्याने आडवी झाली. आमच्या भिंतीपाशी ड्रायव्हर अडला. तो खाली उतरून म्हणाला, "साहेब, कुणी बांधली वो ही? लई चिवट हाय, सुटूनच न्हाई राहिली." मी पुढे जाऊन पाहिलं. प्लास्टर उडालं होतं. दर दोन हातांवर एक लांब दगड, आरपार, दोन्ही बाजूंना बोटभर बाहेर. फळ्यावर मी काढलेलं चित्र जसंच्या तसं. ते शेडमधून उठून गेले होते, पण त्याआधी त्यांनी सगळं ऐकलं होतं, शिकून घेतलं होतं, आणि मला दिसावं म्हणून टोकं बाहेर ठेवली होती. शिकवणाऱ्यालाच ओळखता आलं नाही. मी तिथे रस्त्यात उभा राहून रडलो. ड्रायव्हर बिचारा मशीन बंद करून बाजूला जाऊन बसला.

त्या वर्षी लातूरला गेलो ते त्या मुलीला उत्तर द्यायचं म्हणून. ती तिथे नव्हती, तिची बॅच केव्हाच पांगली होती. मी भाषण केलंच नाही. खडू घेऊन भिंतीचा छेद काढला आणि त्यात एकेक जोडदगड भरत गेलो. मधल्या रांगेतून एकाने हात वर केला.

"सर, हे परीक्षेला येतं का?"

"नाही," मी म्हणालो. मुलांनी पेनं खाली ठेवली.

इमारतीच्या नकाशाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, इंजिनिअरच्या नावाची चौकट असते. तशी चौकट फळ्यावर आखून तिच्यात मी आबांचं पूर्ण नाव लिहिलं. थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग डस्टर घेतलं, कारण पुढचा तास फिजिक्सचा होता आणि सर दारात येऊन उभे होते.