सुमनच्या डोळ्यांच्या बाहुल्या

धाकट्या बहिणीचं, सुमनचं, लग्न मी दोन वेळा मोडत आणलं, आणि दोन्ही वेळा प्रेमापोटी.

लढाई संपल्यावर फौजेतून सुटलेला मामा मलकापूरला आमच्याकडे आला तो एक कॅमेरा आणि फ्लॅशचे बल्ब घेऊन. "धर रं, तू शिकलेला हायस," म्हणत त्यानं ते माझ्या गळ्यात घातलं. (मी मॅट्रिकला तीनदा बसलो होतो. मामाच्या मते हे तिप्पट शिक्षण!)

तेवढ्यात सांगलीच्या पाहुण्यांनी सुमनचा फोटो मागवला. मी तिला काळोख्या माजघरात उभी केली आणि बल्ब उडवला. फोटो कऱ्हाडातून धुऊन आला आणि आई किंचाळलीच. लुगडं छान, नथ छान, पण डोळ्यांच्या बाहुल्या पांढऱ्याफेक!

"पोरीचा काढलास का मांजरीचा?" नाना, म्हणजे माझे वडील, गरजले. सुमन रडायला लागली. आई दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या शोधू लागली.

मी कऱ्हाडच्या फोटोवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "अंधारात बाहुली मोठी होते. फ्लॅशचा उजेड आत शिरून तसाच परत येतो. आधी माणसाला उजेडाकडं बघायला लावा, बाहुली बारीक हुईल."

एवढंच ना? मी वाण्याची गॅसबत्ती मागून आणली. पाहुण्यांना घराणंही दिसावं म्हणून या खेपेला आई-नानांनाही बसवलं.

"बत्तीकडं बघा! पापणी हलवायची न्हाई!"

"किती येळ रं?" नाना.

"बाहुली बारीक हुईस्तवर!"

"ती झाल्याली कळायची कशी?"

ते मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून आणखी थोडा वेळ थांबलो. मग आणखी थोडा. नानांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आईनं पदर नाकाला लावला, सुमन मुसमुसू लागली. अन् मी बल्ब उडवला!

फोटोत एकही बाहुली पांढरी नव्हती. मी इतका खूश झालो, की घरात कुणाला न दाखवता तो परस्पर सांगलीला धाडला.

चार दिवसांनी मुलगा आणि त्याचे वडील दारात. टोप्या हातात, चेहरे पडलेले. वडिलांनी नानांना मिठीच मारली. "लय वाईट झालं, पाव्हणं!"

नानांना वाटलं, त्यांच्याकडचंच कुणी गेलं. तेही गहिवरले. "कोण गेलं वो?"

"आमचं न्हाई, तुमचं!"

"आमचं? कवा?"

आतून ऐकणाऱ्या आईनं थेट मामाच्या नावानं हंबरडा फोडला. मामा परसातून बिडी ओढत आला. "आक्का, गेलं कोण?"

मग पाहुण्यांनी खिशातून तो रडका फोटो काढला. सगळ्यांनी आधी फोटोकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

दाराआड सुमनला हसू आवरेना. ती पोट धरून खाली बसली. मुलानं तिला तशी हसताना पाहिलं आणि तिथंच होकार दिला.

त्याच्या वडिलांनी ना हुंडा मागितला, ना मानपान. अट एकच: लग्नात मुलीच्या भावाच्या दोन्ही हातांत अक्षतांचं ताट द्यायचं, आणि फोटोवाला निघून जाईपर्यंत ते खाली ठेवू द्यायचं नाही! लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी ते ताट धरून ताठ उभा आहे. बघणारे म्हणतात, "केवढा मान दिलाय भावाला!"