शून्य मार्कांची दुकानदारीण

फोनवर गोड कसं बोलायचं हे शिकवण्याचा मला पगार मिळतो. पुण्यात खराडीला, कॉल सेंटरच्या काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. नवीन पोरं येतात, त्यांना मी सांगतो, हसत बोला, हसू आवाजात ऐकू येतं. गिऱ्हाईक चिडलं की म्हणा, 'मी आपली अडचण समजू शकतो.' मग त्यांचे कॉल ऐकून मार्क देतो. नमस्काराला पाच, आभाराला पाच, सहानुभूतीला दहा. सहानुभूतीला दहा मार्क! गेली अठरा वर्षं हे मी सरळ चेहऱ्यानं करतोय आणि या धंद्याबद्दल माझ्या मनात काडीचाही आदर उरलेला नाही.

दीड वर्षापूर्वी आम्ही धायरीचं घर डेव्हलपरला दिलं आणि कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आलो. सामान हलवायच्या दिवशी बाबा आत्याकडे गेले होते आणि मी सपाटा लावून माळा रिकामा केला. मोडका कूलर, पाइपांचे तुकडे आणि चादरीत गुंडाळलेली बाबांची जुनी छर्‍याची बंदूक. गंज चढलेली. भंगारवाल्यानं विचारलं, "ही पण देताय?" मी म्हटलं, "ने रे एकदाची."

बाबा आले, माळ्याखाली उभे राहिले आणि म्हणाले, "चादर कुठंय?" बंदुकीचं नावही काढलं नाही. मी काय केलं ते सांगितलं, आणि वर माझ्या तोंडून जे निघालं ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी म्हणालो, "तुम्हाला काय वाटत असेल ते मी समजू शकतो, बाबा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले.

त्यानंतर घरात नुसतं 'बरं'. जेवायला चला, बरं. डॉक्टरकडे जाऊ, बरं. नातीला पहिला नंबर मिळाला, बरं. आदळआपट केली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. ऐंशी ओलांडलेला माणूस, आणि राहिलेले दिवस माझ्याशी एका शब्दावर काढणार? मला ते थांबवायचं होतं. म्हणून अगदी तशीच बंदूक शोधायला लागलो. कारखान्यानं ते मॉडेल कधीच बंद केलंय. लाकडी दस्त्याच्या त्या बंदुका आता हौशी लोक जमवतात आणि सहजासहजी सोडत नाहीत.

आधी एका वेबसाइटवर मागवली. पैसे भरल्यावर चार दिवसांनी कळलं की माल नाही. मग चॅटवर एकामागून एक तिघं आले. तिघांनाही अतीव खेद झाला होता, तिघांनाही माझा संयम मोलाचा वाटत होता. माझ्याच हाताखालून गेलेले असणार लेकाचे! शेवटी नुकसानभरपाई म्हणून त्यांनी मला कुपन पाठवलं. होळीच्या पिचकारीवर वीस टक्के सूट.

मग कुणीतरी पेठेतल्या एका दुकानाचा नंबर दिला. एका बाईंनी फोन उचलला. साठीच्या असाव्यात.

"बोला."

नमस्कार नाही, दुकानाचं नाव नाही. सवयीनं मी मनात मार्क द्यायला लागलो. शून्य. मी मॉडेल सांगितलं.

"दोन आहेत. वापरणार की शोकेसमध्ये ठेवणार?"

"वडिलांसाठी हवीय. लायसनचं काय?"

"हिला लागत नाही. आधार कार्ड आणा. वडील डावरे की उजवे?"

"त्याचा काय संबंध? उजवे. लिहितात उजव्या हातानं, जेवतात उजव्या हातानं."

"अहो, बंदुकीनं जेवणार आहेत का? नेम कुठल्या खांद्यावरून धरतात ते विचारतेय."

मला सांगता येईना. लहानपणी धायरीच्या गच्चीवर मी रिकामे डबे मांडायचो आणि जिन्यात जाऊन बसायचो. बाबांची सक्त ताकीद होती, गोळीबार संपेपर्यंत वर डोकं काढायचं नाही. मला फक्त डबा उडाल्याचा आवाज ऐकू यायचा. पण हे त्या बाईंना कशाला सांगू? मी म्हटलं, "दोन्हीतली चांगली दिसणारी पाठवून द्या. शक्यतो मूळ खोक्यासकट."

"खोकं हवंय की बंदूक? फोन द्या वडिलांना."

"अहो, सरप्राइज आहे त्यांच्यासाठी!"

"सरप्राइज द्यायचं तर मोबाइल द्या. बंदूक खांद्याला बसावी लागते."

इतका उद्धटपणा! आमच्याकडे असं एक वाक्य बोललं तरी पोराला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात. पण दुसरं दुकान नव्हतं. मी दात-ओठ खात बाबांच्या खोलीत गेलो आणि फोन त्यांच्या हातात दिला.

अर्धा तास. घड्याळ लावून अर्धा तास बोलले. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. "डावा. हो हो, डावाच. शाळेत मास्तरांनी हातावर पट्ट्या मारून लिहायला उजवा केला, पण नेम डाव्यानंच लागायचा." मग हसले. "दस्त्याला गालापाशी तो उंचवटा असतो ना, तो उजव्यांसाठी. मला उलट्या बाजूनं नडायचा. दोन रविवार पॉलिश पेपरनं घासत बसलो होतो." आणि मग, आवाज खाली आणून, "नाही, ती आता नाही. गेली." कशी गेली ते सांगितलं नाही. जन्मभर ज्यांच्या घरात राहिलो ते डावरे आहेत हे मला एका परक्या बाईच्या फोनमुळे कळलं.

बाईंनी खोक्यातली चकचकीत बंदूक द्यायला साफ नकार दिला. दुसरी, जरा मळकट दिसणारी होती, तिचा उंचवटा बाबांसाठी घासून उतरवून देणार होत्या. दहा दिवसांनी मी फोन केला.

"दस्त्यात तेल मुरतंय," बाई म्हणाल्या.

"अजून किती दिवस?"

"फोन केल्यानं लवकर मुरत नाही."

मधे त्यांनी परस्पर बाबांना फोन करून हाताची लांबी विचारली होती. बाबांनी शिवणाच्या टेपनं सुनेकडून हात मोजून घेतला होता. मला कुणी काही सांगितलं नाही, आणि मला कुणाचा तरी मत्सर वाटत होता, कुणाचा ते ठरवता येत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात निरोप आला: काकांना घेऊन या, कुरियरनं पाठवणार नाही. दुकान म्हणजे एक बोळकंडं. गिऱ्हाइकाला बसायला एकच स्टूल, तेही बाबांना. बाईंनी बंदूक त्यांच्या हातात दिली आणि नेम धरायला भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एका तारखेकडे बोट केलं. बाबांनी ती डाव्या खांद्याला लावली, गाल टेकवला. एरवी थरथरणारी मान स्थिर झाली. त्या क्षणी मला रडू फुटेल असं वाटलं आणि मी उगाच खिशातलं आधार कार्ड शोधायला लागलो.

"टोचतंय?" बाईंनी विचारलं.

"अजिबात नाही हो."

पावती झाली. बाईंनी एक लांबट लाकडी पेटी काढली, बंदूक आत ठेवून कुलूप लावलं आणि दोन किल्ल्या समोर ठेवल्या. "एक तुमच्याजवळ ठेवा, काका. दुसरी घरातल्या भरवशाच्या माणसाकडे द्यायची असते. कुणाला देऊ?"

मी हात पुढे केला. केलाच. बाबांनी त्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. दीड वर्षात पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत राग दिसला, चांगला पेटलेला.

"दुसरी तुमच्याकडेच असू दे, ताई," ते म्हणाले. "ह्याच्या हाताला लागलं की ते भंगारात जातं."

शिकवलेलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. "चुकलं माझं, बाबा," एवढंच म्हणालो, तेही दीड वर्ष उशिरा, परक्या दुकानात उभ्यानं.

बाबांनी आपली किल्ली खिशात टाकली. बाईंनी किल्ली पाकिटात टाकली, पाकिटावर बाबांचं नाव लिहिलं आणि गल्ल्याशेजारच्या खणात ठेवून दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सोमवारी दुकान बंद असतं. त्यांना बरोबर घेऊन आलात आणि ते द्या म्हणाले, तर किल्ली देईन."