बंडीच्या दांड्यांचा डोंगा

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बुलढाण्याहून घरी आलो, तेव्हा आमच्या अंगणातल्या निंबाखाली एक डोंगा, म्हणजे होडी, पडलेला होता. आमचे बाबा सुतार. पंचक्रोशीतल्या बैलगाड्या, म्हणजे आमच्याकडच्या बंड्या, तेच करतात. त्या निंबाखाली मी लहानपणापासून चाकं, जू आणि दांड्याच पाहिलेल्या. त्यामुळे चौदा फूट लांबीची ती निळी वस्तू पाहून मला आधी वाटलं, की मी चुकून दुसऱ्याच्या घरी आलो.

डोंगा धरणाच्या ऑफिसचा होता. धरण नवं होतं तेव्हा साहेब लोकांनी पाण्याची खोली मोजायला तो आणला होता. लाकडाचा नव्हे, फायबरग्लासचा. पुढे त्याचं इंजिन दुसऱ्या धरणावर गेलं आणि डोंगा सहा-सात पावसाळे गोदामामागे उघडा पडून राहिला. ओव्हरसियर साहेब भले माणूस. गावाने दुरुस्त करून घेतला तर न्या, असं त्यांनी लिहून दिलं, आणि सरपंचांनी तो थेट बाबांच्या दारात आणून टाकला.

गावाला डोंगा हवा होता, कारण हायस्कूल पलीकडच्या काठावर होतं. धरणाआधी नदी ओलांडली की अर्ध्या तासात तिथे पोचता यायचं. आता भर उन्हाळ्यातही मधल्या धारेत छातीइतकं पाणी असे, आणि वळसा घालून जायचं तर अकरा मैल. मोठी मुलं तिकडेच खोली करून राहत. गावातली एकही मुलगी सातवीच्या पुढे गेली नव्हती. माझी बहीण त्याच वर्षी सातवी पास झाली होती, आणि तिला पुढे शिकायचं होतं.

बाबांची शिक्षणाला ना नव्हती. त्यांना भीती होती पाण्याची. आमच्या घरात कोणालाच पोहता येत नाही. मी आलो त्या संध्याकाळी ते जेवता जेवता म्हणाले, "डोंगा माह्या हातानं धड झाला, त पोरगी आठवीत जाईन. नाही झाला, त घरी बसन. दुसऱ्याच्या भरवशावर मी तिले पाण्यात घालत नाही."

बहिणीने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्याआधी उठून डोंग्यातला पाचोळा काढून ठेवला.

पहिल्या दिवशी बाबा आत उतरले आणि त्यांचा पाय तळफळीतून घोट्यापर्यंत खाली गेला. फळी नव्हतीच ती, रंगाचा पापुद्रा होता. तो सगळा उपसून काढल्यावर खाली दोन लांब कण्यासारख्या लाकडी पट्ट्या दिसल्या, नाकापासून शेपटापर्यंत गेलेल्या. त्यांच्यावर फायबरचं आवरण होतं आणि ते चांगलं कडक, शाबूत दिसत होतं. मी म्हटलं, हे तरी वाचलं. बाबांनी वाकशाच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, दांडीने त्यावर ठोकून पाहिलं आणि मान हलवली. मग एका जागी छेद दिला. आतून काळं पाणी आलं आणि चहाच्या चोथ्यासारखा भुगा. स्क्रूच्या भोकांतून पाणी आत गेलं होतं आणि बाहेर यायला त्याला वाट नव्हती. मागची जाड फळी, जिला पूर्वी इंजिन लावायचे, तीही तशीच.

"वरून पहिलवान अन् आतून भुसा," बाबा म्हणाले. त्यांना हसू येत होतं. वरून धड आणि आतून कुजलेलं लाकूड त्यांनी याआधी पाहिलं नव्हतं. बंडीचं लाकूड कुजलं तर ते उघडपणे कुजतं.

कुजकं काढून, आतली बाजू काचकागदाने घासून कोरडी करायला आठ दिवस गेले. त्या धुळीने अंगाला अशी खाज सुटायची, की मायने आम्हा तिघांना आंघोळीशिवाय उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. दुपारचं जेवण आम्हाला ओसरीच्या कडेला मिळायचं, आणि ताट ती लांबूनच सरकवायची.

मग मी औरंगाबादहून रेझिनचे दोन डबे आणले. मधासारखं दाट रसायन असतं ते. त्यात छोट्या बाटलीतलं औषध थेंब थेंब मोजून टाकलं की ते तापतं आणि दगड होतं. त्याच्याबरोबर काचेच्या तंतूंची पांढरी चटई मिळते. नवं लाकूड बसवायचं, त्यावर ही चटई अंथरायची आणि ब्रशने रेझिन पाजायचं, म्हणजे लाकूड डोंग्याच्या अंगाशी एक होतं. एस.टी.मध्ये डबे मांडीवर घेऊन बसलो होतो. झाकणं घट्ट होती तरी वास पसरलाच. शेजारचे बुवा देऊळगाव राजापर्यंत नाकाला उपरणं लावून बसले, आणि उतरताना त्यांनी मला विचारलं, की घरी कोणी फार आजारी आहे का.

डब्याबरोबर इंग्रजीत छापलेला एक कागद होता. तो वाचायचं काम माझं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. खरं सांगायचं तर तो कागद मला चार वेळा वाचावा लागला, आणि डिक्शनरी बुलढाण्याला राहिली होती.

लाकडाच्या कामात मात्र मी कोणीच नव्हतो. डोंग्याचं पोट गोलसर, ते पुढे निमुळतं होत जातं. त्या वळणावर सरळ लाकूड नेमकं कसं बसवायचं? बाबा दोन दिवस नुसते बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बहिणीला तुराट्यांची पेंढी आणायला सांगितली. तुरीची वाळलेली काडी आमच्याकडे जळणाला आणि कुडाला असते. दोन पट्ट्यांच्या मध्ये त्यांनी वीतभर लांबीच्या काड्या उभ्या ओळीने दाबून धरल्या, पट्ट्या डोंग्यावर ठेवल्या आणि एकेक काडी खाली सरकवली, ती पोटाला टेकेपर्यंत. मग सुतळीने आवळून वर उचललं. काड्यांच्या टोकांवर डोंग्याचं वळण जसंच्या तसं उतरलं होतं. ते लाकडावर ठेवून त्यांनी पेन्सिल फिरवली. मी एक वर्ष गणिताच्या तासांना वक्ररेषा शिकून आलो होतो. मला हे सुचलं नसतं.

चूक झाली ती यानंतर. लाकूड कापून तयार झालं आणि बाबांनी रीतीप्रमाणे त्याला तेल पाजायला घेतलं. बंडी करणारा सुतार कोरडं लाकूड घराबाहेर देत नाही. जवसाचं तेल कोमट करून, कापडाने चोळून, उन्हात ठेवून, पुन्हा चोळून, असे तीन दिवस. बाबांच्या वडिलांनीही तेच केलं. पाण्यात जायचं लाकूड म्हणून बाबांनी आणखी एक दिवस वाढवला.

कागदावर लिहिलं होतं, की लाकूड कोरडं असावं आणि त्याला तेलाचा हातही लागलेला नसावा. ते वाक्य मला पहिल्याच वाचनात कळलं होतं.

मी बोललो नाही. मी कॉलेजात गेल्यापासून बाबा माझ्याशी वाद घालत नसत. मी पुस्तकातलं काही सांगितलं, की ते काम थांबवून ऐकत आणि म्हणत, "तुले जास्त माहीत." त्यात टोमणा नसे. ते मनापासून म्हणत, आणि मला मान खाली घालावीशी वाटे. तेलाच्या बाबतीत तरी त्यांनी तसं म्हणू नये, असं मला वाटलं. शिवाय छापील कागद लिहिणाऱ्याला जवस काय माहीत, अशीही मी स्वतःची समजूत घातली.

चटई लावायच्या दिवशी आधी एक गंमत झाली. भर दुपारी मी थोडं रेझिन टमरेलात ओतलं, त्यात औषध टाकलं, ढवळलं, आणि बाबांनी ब्रश बुडवला तोच टमरेल इतकं तापलं, की धूर निघू लागला. ब्रश आतच उभा राहिला, कायमचा. "हे त वरणापेक्षा लवकर आटून राह्यलं," बाबा म्हणाले. तेव्हापासून आम्ही सूर्य उगवताना काम करू लागलो. तीन सकाळींत सगळं लावून झालं. दिसायला फार सुंदर होतं.

चौथ्या दिवशी बहिणीने कडेला नख घातलं. चटई लाकडावरून उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी निघून आली. तिने बाबांना हाक मारली. बाबांनी दुसरी कड ओढली, तीही आली. त्यांनी बोटं नाकाशी नेली. जवसाचा वास होता.

"तुह्या कागदात याचं काही होतं का?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"मंग काऊन नाही सांगतलं?"

डोंग्याकडे बघत मी कसंबसं म्हणालो, की तुमच्या कामात मी काय बोलू.

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पा गड्या, मले वाचता येत नाही म्हणून तुले वाचाले बसोलं. तू वाचून चूप बसला, त मंग आपल्या घरात वाचणारं कोणीच नाही झालं."

एवढं बोलून ते उठले, वाकस उचलला आणि सगळी चटई खरवडायला लागले. शाळा उघडायला पंधरा दिवस होते.

रेझिनचा अजून एक डबा होता, लाकूड मात्र नव्हतं. कोरडं, जुनं, तेल न लागलेलं सागवान बाबांकडे एकच होतं: आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या नव्या बंडीच्या दोन लांब दांड्या. बंडीला तेल अगदी शेवटी पाजतात, म्हणून त्या तशाच होत्या. पण त्या म्हाताऱ्याच्या होत्या, आणि पेरणी तोंडावर आलेली. बाबा मला बरोबर घेऊन गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं, माझं गप्प बसणंही वगळलं नाही.

म्हाताऱ्याने तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. "म्हंजे मिस्तरी, माही बंडी आता पाण्यातून चालणार. बैल कोनते जुपू, मासोळ्या?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अन् हा कालेजात चूप बसाले शिकून राह्यला. आमच्या घरी ते फुकट शिकवते, माही बायको." हसून झाल्यावर त्याने दांड्या दिल्या. पेरणीला जुनी बंडी ओढू म्हणाला. त्याची नातही पाचवीत होती.

या वेळी मी कागद हातात धरून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली. बाबांनी प्रत्येक ओळीवर एक शंका काढली. दोन ठिकाणी त्यांचं बरोबर ठरलं, बाकी ठिकाणी कागदाचं. दांड्या चिरून कण्याच्या पट्ट्या आणि मागची जाड फळी झाली. तेल प्यालेलं लाकूडही वाया गेलं नाही. त्याच्या बसायच्या फळ्या झाल्या आणि वरची तळफळी झाली, कारण ती नुसती स्क्रूने बसते आणि तिथे तेल चालतं. स्क्रूच्या प्रत्येक भोकात बाबांनी आधी रेझिन भरलं, म्हणजे पाण्याला पुन्हा आत जायला वाट नको.

शाळा उघडायच्या दिवशी डोंगा बंडीवर घालून पाण्याशी नेला. अर्धा गाव आला होता. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. गावातला भोई, जो डोंगा चालवणार होता, वल्हं घेऊन तयार होता. बहीण नवा परकर-पोलका घालून, दप्तर मांडीवर घेऊन, सगळ्यांच्या आधी फळीवर जाऊन बसली होती.

मला एक शंका होती. आदल्या दिवशी मागच्या फळीचा उजवा कोपरा मी ठोकला, तेव्हा आवाज जरा वेगळा आला होता. भास असेल, म्हणून सोडून दिलं होतं. आता सगळे बघत होते.

"बाबा, थांबा," मी म्हणालो. "मांगच्या कोपऱ्यात पोकळ आहे. मले वाटते."

बाबांनी वाकशाच्या दांडीने तो कोपरा ठोकला, शेजारची जागा ठोकली, परत कोपरा ठोकला. मग लोकांकडे वळून म्हणाले, "डोंगा आज नाही निघत."

लोक काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. म्हातारा म्हणाला, दांड्या गेल्या, डोंगाही गेला, आता मी वल्हं घेऊन वावरात जातो. बहीण उतरताना माझ्याजवळ थांबली. "भाऊ, तुले आजच तोंड फुटलं का?" एवढंच विचारून ती दप्तर घेऊन चालती झाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

कोपरा उघडला तेव्हा आत तळहाताएवढी चटई कोरडीच होती, रेझिन तिथे पोचलंच नव्हतं. डब्याच्या तळाशी वाटीभर उरलं होतं, तेवढ्यात भागलं. काम झाल्यावर बाबांनी वाकस माझ्या हातात दिला आणि सगळा डोंगा मला ठोकायला लावला, नाकापासून शेपटापर्यंत. ते डोळे मिटून ऐकत बसले होते.

तिसऱ्या दिवशी आधी मातीची पोती भरून डोंगा नेऊन आणला. मग बाबा स्वतः बसले, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून, आणि परत येईपर्यंत त्यांनी पाण्याकडे पाहिलं नाही. उतरल्यावर तळफळीवर हात फिरवून पाहिला. कोरडी होती. मग बहिणीला म्हणाले, "बस, बाई."

ती बसली, आणखी चार मुलं बसली. डोंगा निघाला. मधल्या धारेत तो किंचित तिरपा झाला आणि पुन्हा सरळ झाला. पलीकडे ती उतरली, चपला हातात घेऊन चिखल ओलांडला आणि चढावरून शाळेच्या दिशेने चालू लागली. एकदाही मागे वळली नाही.

"गेली," बाबा म्हणाले. "पाचले परत येईन. भुकेली राहीन. मायले सांग, भाकर झाकून ठेव म्हणा."

पाच वाजायला अजून सात तास होते. मी घराकडे निघालो. थोडं वर गेल्यावर मागे पाहिलं, तर बाबा पागोटं शेजारी ठेवून काठावरच्या दगडावर बसले होते, पाचपर्यंत न उठायच्या बेतात.