दादाच्या पाठीखालची गोधडी

अग्नीनंतर माणसानं लावलेला सर्वांत थोर शोध म्हणजे गाठ, असं मी एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात बोललो होतो. टाळ्या पडल्या. तेव्हा मला दोनच गाठी येत होत्या आणि त्यांतली एक सुटायची.

माझा थोरला भाऊ डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा. पोर्तुगीज गेले, खाणी वाढल्या, ट्रक वाढले. एका उतारावर त्याचा ट्रक उलटला आणि दादाचं कमरेखालचं अंग कायमचं गेलं. घरी पाठवताना डॉक्टरांनी वहिनीला सांगितलं की अंथरूण सतत कोरडं हवं आणि पाठीखाली एकही चुणी नको. चुणीनं कातडी फाटते, आणि त्या जखमा माणसाला संपवतात.

कोरडं अंथरूण म्हणजे रोजचं धुणं. घरातल्या गोधड्या धावदोऱ्याच्या होत्या. महिनाभर दगडावर आपटून दोरा तुटला, आतली जुनी लुगडी सरकून त्यांचा गोळा झाला. पहिली जखम त्या गोळ्यावरच झाली. नवी गोधडी शिवायची तर दोन-तीन महिने हवेत. तेवढे नव्हते. वहिनीनं शिवण्याऐवजी बांधायचं ठरवलं : दोन लुगड्यांच्या मध्ये जुनं कांबळं आणि चार-चार बोटांवर एकेक गाठ.

मी तेव्हा पेडण्याच्या बाजूला शिक्षक होतो. पुस्तकं वाचलेल्या माणसाला मदत केल्याशिवाय राहवत नाही. मी किनाऱ्यावरून जाळ्याचा नायलॉनचा दोरा आणला आणि हा समुद्रालाही दाद देत नाही, असं वहिनीला ऐकवलं. दादानं दोरा बोटांत धरून ताणला.

"माका मासो समजलस काय रे?"

वहिनीनं अख्खी गोधडी त्या दोऱ्यानं बांधली. आठवड्याभराच्या धुण्यानं एकही गाठ सुटली नाही, मात्र प्रत्येक गाठीभोवती कापड कातरून भोक पडलं. कित्येक गाठी नुसत्या कांबळ्याला धरून राहिल्या आणि वरचं लुगडं मोकळं होऊन पुन्हा गोळा झालं. तिनं गोधडी दारात उजेडाकडे धरून मला दाखवली.

"तुमचो दोरो बळकट आसा, भावजी," ती म्हणाली. "लुगडा नाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. दादाच्या पाठीवर तोवर दुसरी जखम होती.

पुढची गोधडी तिनं जाड सुती दोऱ्यानं बांधली. सुई खाली घालायची, तांदळाएवढं अंतर सोडून वर काढायची, पुन्हा एकदा तसंच, मग दोन टोकांची गाठ : आधी उजवं डाव्यावर, नंतर डावं उजव्यावर. दोन्ही वेळा उजवंच डाव्यावर घेतलं तर सुटते. टोकं बोटाच्या पेराएवढी ठेवायची. अंथरताना गाठींची बाजू खाली. आणि धुताना आपटायचं नाही, पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं. भिजल्यावर सुती गाठ आणखी घट्ट होते, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

त्याच सुमारास कुठल्याशा संस्थेनं कष्टकऱ्यांचे सत्कार आरंभले. अध्यक्ष घरी आले. फोटोसाठी दादाला उशांना टेकवून बसवलं, खांद्यावर शाल घातली, मांडीवर नारळ ठेवला. तो त्याला जाणवला नाही. अध्यक्ष श्रमप्रतिष्ठेवर बराच वेळ बोलले. ते गेल्यावर वहिनीनं शालीचा जरीचा काठ टोचेल म्हणून कापून टाकला आणि उरलेली शाल तिसऱ्या गोधडीत कांबळ्याच्या जागी घातली. सत्काराचा इतका उपयोग झालेला मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत पाहिलेला नाही.

ती गोधडी सर्वांत चांगली झाली. धुऊन, वाळवून पुन्हा अंथरली की पाटासारखी सपाट बसे. जखमा भरत आल्या. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला दादाची पाठ दाखवू लागली. दादाही निमूट कुशीवर होई. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन मूत्रपिंडांचं सांगितलं होतं. मी ते घरी बोललो नाही. ती तेव्हा चौथी गोधडी बांधायला बसली होती.

दादा गेला त्या सकाळी दाखला लिहायला आलेल्या डॉक्टरांनी त्याला कुशीवर वळवलं. पाठ उत्तम राखली आहे, असं ते वहिनीला म्हणाले आणि कारणाच्या रकान्यात मूत्रपिंडं लिहिली.

मेलेल्याचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. आम्ही ते नेऊन ओहोळापलीकडे टाकलं. तिसऱ्या दिवशी शालीची गोधडी खाणीवरच्या मजुरांच्या झोपडीबाहेर धुऊन वाळत घातलेली होती. तिची एकही गाठ सुटली नव्हती.