माइमा लीस्कची लाल पेन्सिल

स्टेनसे बेटावर माणसं अठ्ठावन्न, मेंढ्या हजारभर, आणि पक्ष्याबद्दल खोटं बोलायची छाती असलेला माणूस एकही नाही. ही शेवटची करामत माइमा लीस्कची.

जुन्या पाद्रीबंगल्याचं आता पक्षीघर झालंय. तिथे रोज संध्याकाळी सहाला हजेरी होते, पक्ष्यांची. पक्षीघर सांभाळणारी मोराग एकेक नाव मोठ्यानं वाचते आणि दिवसभर हेदरच्या झुडपांच्या माळावर आणि कड्याकड्यांनी भटकून आलेली पाहुणेमंडळी ओले मोजे शेगडीकडे करून आपापला आकडा सांगतात. "पाणकावळे?" "चाळीस." "मीही चाळीस, पण तेच ते, दोनदा धरू नका." "चंडोल?" "तीन." असं पाचपन्नास नावं चालतं. कोपऱ्यात खिडकीजवळच्या खुर्चीत माइमा बसलेली असते. वय बहात्तर, उंची बेताची, हातात लाल पेन्सिल. कुणी ऐटीत एखादं दुर्मिळ नाव घेतलं की ती चष्म्यावरून बघते.

"कुठं?"

"विहिरीपाशी."

"किती वेळ?"

"बराच... म्हणजे अर्धा मिनिट."

"पाय कसले होते?"

इथं माणूस अडकला की लाल पेन्सिल वहीवरून सर्रकन जाते आणि तो पक्षी स्टेनसेच्या इतिहासातून उठतो. एडिंबरोचे डॉक्टर प्रिंगल म्हणजे मोठे शल्यविशारद, पण वीस वर्षांपूर्वी त्यांनाही तिनं असंच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, "पाय गवतात होते हो." माइमा म्हणाली, "मग पक्षीही गवतातच राहू दे." डॉक्टरांनी त्या रात्री जेवणातल्या खारवलेल्या मटणाच्या सूपला तोंड लावलं नाही म्हणे. पण तेव्हापासून दर ऑक्टोबरला न चुकता येतात. शिक्षा झालेल्या माणसाला शाळेचा लळा लागावा, तशातली गत.

तिनं सख्ख्या भावाचा पक्षी खोडलाय, पाद्र्याचा खोडलाय, आणि पाद्र्याचा तर रविवारी.

माइमा दीपगृहवाल्याची मुलगी. वादळी रात्रीनंतर सकाळी दीपगृहाच्या पायथ्याशी दिव्यावर आपटून मेलेले पक्षी पडलेले असायचे. इतर पोरी शिंपले गोळा करायच्या, ही फ्रॉकच्या ओच्यात पक्षी गोळा करून आणायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीनं मांडायची आणि शाळेच्या पट्टीनं पंख मोजायची. आई ओरडायची, "अगं, बॅनॉकच्या रोट्या लाटायच्यात मला तिथं!" बाप म्हणायचा, "लाट की, पण त्या शेवटच्याला धक्का लावू नकोस, त्याचं मोजून व्हायचंय." एकोणिसाव्या वर्षी तिच्या खांद्यावर टपालाची थैली आली. एक्केचाळीस वर्षं ती बेटभर फिरली, आधी पायी, पुढे सायकलवरून आणि मग लाल गाडीतून. पत्र हातात देताना उत्तरेच्या कड्यावर पफिन पक्षी आल्याचं ती सांगायची, आणि पत्रात काय आहे हेही साधारण सांगायची. दुसऱ्या बाबतीत तिनं पुराव्याचा आग्रह कधी धरला नाही.

आता चाळीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट. ऑक्टोबरातला मंगळवार, आग्नेयेचा वारा आणि हात पुढे केला तर हात दिसू नये असं धुकं. टपालाची होडी चाचपडत कशीबशी धक्क्याला लागून गेलेली. माइमानं दुकानातून थैली घेतली आणि दफनभूमीच्या भिंतीपाशी आली, तर भिंतीखालच्या रानझुडपांत काहीतरी हललं. आकारानं चिमणीएवढं, अंगानं खाकी, आणि मान वर केली तेव्हा गळ्याशी निखारा! सायबेरियातला लालकंठी. हिवाळ्याला पूर्वेच्या गरम मुलखात जाणारा हा पक्षी दिशा चुकून स्कॉटलंडच्या टोकाला येतो म्हणजे आयुष्यात एकदा दिसला तर दिसला. माइमा ओल्या गवतात पालथी पडली ती चाळीस मिनिटं. बाकी सगळं बेट त्या दिवशी पत्रांवाचून राहिलं. ती कुणाला तरी बोलवायला धावली, परत आली तोवर पक्षी गेलेला. होडी पुढे तीन दिवस आली नाही. म्हणजे साक्षीदार शून्य.

तरी दक्षिणेतल्या पक्षीसमितीनं तिचं म्हणणं मान्य केलं, कारण तिचं वर्णन तीन पानी होतं. अक्षर सुबक, एकेक पीस मोजलेलं. वर्तमानपत्रात बातमी आली. दुसऱ्या वर्षी चौदा माणसं दुर्बिणी घेऊन आली, तिसऱ्या वर्षी साठ. मग पाद्रीबंगल्याचं पक्षीघर झालं, दुकान तगलं, होडी आठवड्यातून तीनदा यायला लागली. धक्क्यावर पाटी लागली, तिच्यावर लालकंठी रंगवलाय. रंगवला दुकानवाल्या बाबीच्या नवऱ्यानं, त्यामुळे तो थोडा कोंबडीसारखा दिसतो, पण भावना पोचते.

एवढं सगळं त्या तीन पानांवर उभं. आणि त्या तीन पानांत एक ओळ नव्हती.

गवतात पडल्या पडल्या माइमानं निळ्या वहीत जे खरडलं, त्यात ती होती. "शेपटीची टोकं झिजलेली, दोन पिसं अर्धी तुटकी." रात्री स्वच्छ प्रत करताना तिचा हात तिथं थांबला. रानातल्या पक्ष्याची शेपटी अशी क्वचित झिजते. अशी झिजते ती पिंजऱ्याच्या सळ्यांवर घासून. पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी यादीत धरत नाहीत, हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण इतक्या दूर, ह्या एवढ्याशा बेटावर कुणाच्या घरी असणार सायबेरियाचा पक्षी? इथं तर कुणी पोपटसुद्धा पाळला नव्हता. एवढा प्रवास करून आलाय, झिजली असेल बिचाऱ्याची. असं म्हणून तिनं ती ओळ सोडून दिली. निळी वही पिठाच्या जुन्या डब्यात गेली. दुसऱ्यांचे पाय मोजत बसलेली ही बाई चाळीस वर्षं त्या डब्याकडे पाठ करून स्वयंपाक करत आली.

यंदा मोरागच्या डोक्यात आलं, लालकंठीला चाळीस वर्षं झाली, समारंभ करू. काचेची पेटी करवून घेतली. "मावशी, तुमची मूळ वही हवी बरं का. तेच पान उघडून ठेवायचंय."

"बघते," माइमा म्हणाली.

आठवड्यानं मोरागनं पुन्हा विचारलं. "सापडत नाहीये गं," माइमा म्हणाली.

हे लॉरी हॅल्क्रोच्या कानावर गेलं. लॉरी तिचा शेजारी, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. आधी मालवाहू जहाजांवर होता, मग बेटाची होडी चालवली. माइमाची टर उडवणं हा त्याचा उरलेला धंदा. दुकानात भर गर्दीत, म्हणजे चार माणसांत, म्हणाला, "धुक्यात अंगठ्याएवढा पक्षी सापडतो हिला, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात वही सापडत नाही! दुर्बीण देऊ का, माइमा?"

"तुझी जीभ आधी शोधून बांधून ठेव," ती म्हणाली. पण नेहमीचा जोर नव्हता. दुकानवाली बाबी तेव्हाच म्हणाली, हिचं काहीतरी बिनसलंय.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी माइमा डब्यातली वही काढून लॉरीकडे गेली. टर उडवणाऱ्याकडेच का गेली, तर उद्या सगळ्या बेटासमोर बोलायचं, त्याआधी सगळ्यात वाईट हसणाऱ्याचं हसणं ऐकून घ्यावं, हा तिचा हिशोब. लॉरी अंगणात धुतलेले कपडे वाळत घालत होता. तारेच्या टोकाला त्याचा तो जुना बांबूचा पिंजरा लटकत होता, त्यात कपड्यांचे चिमटे. माइमानं सवयीनं त्यातले दोन काढून त्याला दिले आणि वही उघडली.

"हे वाच."

लॉरीनं वाचलं. ती म्हणाली, "ही ओळ मी समितीला पाठवली नाही. मुद्दाम. हस आता."

लॉरी हसला नाही. हातातली चादर तशीच खांद्यावर टाकून तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. शेवटी त्यानं पिंजरा तारेवरून काढला, चिमटे गवतात ओतले आणि रिकामा पिंजरा तिच्यासमोर भिंतीवर ठेवला.

"काय आहे हा?" तो म्हणाला.

"तुझी चिमट्यांची टोपली."

"नीट बघ. डोळे आहेत ना तुला?"

माइमानं बघितलं. आत पक्ष्याला बसायची बोटभर दांडी होती. पाण्याची चिमुकली निळी चिनी वाटी कडेला बांधलेली होती. दाराची कडी तुटकी. ती तिथंच दगडावर बसली.

"जहाजाचा आचारी हाँगकाँगचा होता," लॉरी म्हणाला. "त्याच्याकडून पक्षी घेतला, ह्या पिंजऱ्यासकट. तुला पक्षी आवडतात म्हणून. कोटाखाली लपवून आणला इथवर. धक्क्यावर उतरलो, धुक्यात पाय घसरला, दार उघडलं आणि गेला भुर्र. तासभर शोधला मी. मग म्हटलं, जाऊ दे, रिकाम्या हातानं जाऊ. संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून तुझ्या दारात आलो, आठवतं?"

"आठवतं. मी तुला पक्ष्याबद्दल सांगितलं."

"दोन तास! 'लॉरी, मध्ये बोलू नकोस' म्हणून दम देऊन. तुझा चेहरा असा... मी आयुष्यात पाहिला नव्हता कुणाचा तसा. त्यात मी काय सांगणार होतो?"

"आणि सदरा कशाला घातला होतास?"

लॉरीनं खांद्यावरची चादर उगाच घडी केली. ओली चादर. "एक विचारायचं होतं. मग म्हटलं, आता विचारलं तर कधी ना कधी पक्ष्याचंही सांगावं लागेल. एका घरात राहून असलं काही लपत नाही. म्हणून नाही विचारलं."

मग माइमा भडकली. "चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी लोकांचे पक्षी खोडतेय आणि तू समोर बसून चहा पितोयस! त्या पिंजऱ्यातून मी हजार वेळा चिमटे काढलेत, लॉरी!"

"मला रोज वाटायचं आज ओळखशील. तू पक्षी सोडून कशाकडे बघतेस कधी?"

तिनं डोळे पुसले, चष्मा लावला आणि विचारलं काय, तर, "शेपटी झिजली होती का रे त्याची? पिंजऱ्यात असताना?"

"पिंजरा किती लहान आहे बघ ना. दोन पिसं तर तुटलीच होती."

"म्हणजे मी बरोबर पाहिलं होतं," ती म्हणाली. लॉरी सांगतो, तिच्या तोंडावर अगदी तीच चमक आली, चाळीस वर्षांपूर्वीची. पुढच्याच क्षणी ती विझली. "आणि बरोबर पाहिलेलं मीच गिळून टाकलं."

"उद्या गप्प बस," लॉरी अजिजीनं म्हणाला. "वही हरवली म्हण. धक्क्यावरच्या पाटीचा तरी विचार कर. लोक हसतील तुला."

"मी डॉक्टरांना हसले नव्हते का?" असं म्हणून ती उठली. जाताना पिंजरा काखोटीला मारून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पक्षीघरात उभं राहायला जागा नव्हती. केक होता, आणि त्याच्यावरही तो कोंबडीसारखा लालकंठी. हजेरी संपत आली तशी माइमा उठली. निळी वही उघडून तिनं ती ओळ वाचली, मग ती ओळ आपण कशी गाळली ते सांगितलं, मग पिंजरा टेबलावर ठेवला. लॉरीचं नाव घेतलं, सदऱ्याचं नाही घेतलं. पक्ष्यांच्या नोंदींची मोठी जुनी वही मागवली, चाळीस वर्षांमागचं पान काढलं आणि लाल पेन्सिलीनं सावकाश, पट्टी लावून, आपला पक्षी खोडला.

मोरागला रडू फुटलं. "मावशी, पण आता आपल्या पाटीचं..."

"पक्षी होता गं. पाटीवर कुठं लिहिलंय तो कसा आला ते?"

मागच्या रांगेतून डॉक्टर प्रिंगल घसा खाकरून उभे राहिले. "माइमाबाई, आजपर्यंत ह्या खोलीत मी इतकं प्रामाणिक काही ऐकलं नाही." जरा थांबून, आशेनं, "मग आता माझ्या त्या पक्ष्याचं...?"

"पाय दिसले होते?"

"नाही."

"मग बसा."

खोली अशी हसली की केक हलला. डॉक्टर सगळ्यात जास्त हसले.

वहीच्या शेवटी पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांचं पान असतं. स्टेनसेचं ते पान इतकी वर्षं कोरं होतं. माइमानं तिथं तारीख घातली, "लालकंठी, नर, एक. शेपटीची टोकं झिजलेली." शेवटचा रकाना असतो, कुणाकडून सुटला. तिथं तिनं लिहिलं, "लॉरेन्स हॅल्क्रो. माझ्यासाठी आणलेला." आणि वही बंद केली. आम्ही सगळ्यांनी नंतर एकेक करून ते पान उघडून पाहिलं, हे सांगायला नको.

पिंजरा आता काचेच्या पेटीत आहे, निळ्या वहीशेजारी. पाहुणे पक्ष्यापेक्षा पिंजराच जास्त वेळ बघतात. लॉरीनं तक्रार केली, "माझे चिमटे कुठं ठेवू मी?" माइमा म्हणाली, "माझ्याकडे बरणी आहे रिकामी. येऊन घेऊन जा."

तो गुरुवारी दुपारी चारला गेला, सदरा इस्त्रीचा. दुकानवाली बाबी शपथेवर सांगते की शुक्रवारी सकाळी त्याचे बूट माइमाच्या दाराबाहेर होते, टाचा भिंतीकडे, डाव्याची नाडी सुटलेली. पण पाहणारी एकटी, अंतर दोनशे पावलं, आणि हवा धुक्याची. हजेरीत बाबीनं ते सांगायला तोंड उघडलं, तर खिडकीजवळच्या खुर्चीतून लाल पेन्सिल नुसती वर झाली.